गरम इंजिनाला थंड प्लग

टू-स्ट्रोक डर्ट बाईकसाठी प्लग निवडायची डोकेदुखी समजून घ्यायची तर मी सुरुवात पूर्व जर्मनीतून करीन. तिथल्या एमझेडमध्ये वॉल्टर काडेनने एक्झॉस्टच्या फुगीर नळीतून परतणाऱ्या दाबलहरी वापरून छोट्या इंजिनातून अफाट ताकद काढली. सप्टेंबर १९६१ मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला. बायको-मुलं गाडीच्या डिकीत लपून सीमेपार आली. ती विद्या सुझुकीला मिळाली. १९६२ ला ५० सीसीचं विश्वविजेतेपद, पुढे १९७० ला ज्योएल रोबेरच्या हातून २५० सीसी मोटोक्रॉसचंही.

पण ताकदीबरोबर उष्णता आलीच. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट, प्लगला उसंत नाही. प्लग फार गरम राहिला तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं, पिस्टनला भोक पडतं. फार थंड असेल तर चिखलातल्या संथ वळणांवर ऑईलची काजळी धरून गाडी बंद!

म्हणून आधी मॅन्युअलमधला नंबर घ्या, मग चालवून रंग बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर झकास. पांढराफटक असेल तर आधी कार्ब्युरेटर तपासा. आणि कंपनी बदलताना सांभाळून: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियनचा वाढला की गरम. एकच स्टँडर्ड नसणं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवं नाही, पण इथे क्रॅश म्हणजे पिस्टन जातो.