पछाडलेले घर आणि पाच रस्ते

मुलुंड स्थानकाच्या पश्चिमेस उतरून पाच रस्त्याच्या चौकाकडे चालू लागले म्हणजे मुंबईच्या इतर जुन्या वस्त्यांत सहसा न आढळणारी एक गोष्ट लक्षात येते. येथील रस्ते वाट फुटेल तिकडे गेलेले नाहीत. ते एकमेकांस काटकोनात छेदतात आणि त्यांच्या मधले भूखंड कोणी पट्टी धरून आखावेत तसे नेमके बसलेले आहेत. ही आखणी 1922 सालची. झवेरभाई रामजी यांच्या पेढीने क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांकडून ती करवून घेतली. भातखाचरे, गवताची कुरणे आणि खाडीच्या बाजूची मिठागरे एवढाच ज्याचा संसार होता, त्या मौजे मुलुंडाचे नगर कसे झाले याचा वृत्तान्त बहुधा येथूनच सांगितला जातो. परंतु नगरे केवळ भांडवलाने वसत नाहीत. सरळ रस्ता आणि मोकळी हवा यांचे मोल मुंबईकरास ज्या धड्याने कळले, तो धडा या आखणीच्या पंचवीस वर्षे आधी, मांडवीच्या अंधाऱ्या आणि पछाडलेल्या घरांत, त्याला मिळालेला होता.

पछाडलेले घर ही कल्पना, मुलुंड ज्या बेटावर आहे त्या साष्टीस, परकी नव्हती. 1534 च्या तहाने हे बेट पोर्तुगिजांकडे गेले, 1737 च्या मोहिमेत मराठ्यांनी ते घेतले, 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी त्यावर आपला अंमल बसविला. राज्ये बदलली, दप्तरे बदलली, सारा वसूल करणारे अंमलदार बदलले, पण गावाची सीम राखणारा वेताळ, पिंपळावरचा मुंजा, पाणवठ्यावरचा गिऱ्हा आणि ओसाड घरातला समंध यांच्या अमलाला कोणत्याही तहनाम्याने बाध आला नाही. कोकणातील या समजुती मास्तर मंडळींकडून प्रश्नावलीच्या द्वारे गोळा करण्याचा उद्योग ए. एम. टी. जॅक्सन या मुलकी अधिकाऱ्याने आरंभिला होता. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या नाट्यगृहात त्याचा वध झाल्यानंतर एंथोव्हेन या दुसऱ्या मुलकी अधिकाऱ्याने ती सामग्री सिद्ध करून प्रसिद्ध केली. ब्रह्मसमंध, देवचार, खवीस, झोटिंग, चेडा, जखीण, लावसट, हडळ अशी नामावळीच तीत आढळते. प्रत्येकाचे स्थान, प्रत्येकाचा स्वभाव आणि प्रत्येकाचे मागणे वेगळे.

या समजुतींच्या मुळाशी असलेला अनुभव मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. एखाद्या घरात लागोपाठ मृत्यू घडतात. नवे बिऱ्हाड येते आणि त्यातलेही कोणी अंथरूण धरते. मग शेजारीपाजारी म्हणू लागतात की, ही वास्तू लाभत नाही, या घराला बाधा आहे. भगताला बोलावणे जाते, देवाला कौल लावला जातो, उंबऱ्यावर खिळा ठोकला जातो, दहीभाताचा उतारा तिठ्यावर ठेवला जातो आणि यातूनही गुण आला नाही तर घराला कुलूप लागते. दोष माणसात नसून घरात आहे, हा या साऱ्या व्यवहारामागचा सिद्धान्त होय. आणि पुढे जे घडले ते ध्यानात घेता हा सिद्धान्त आपण थट्टेवारी न्यावा असा मुळीच नव्हता.

थट्टा करणारेही होतेच. 1844 मध्ये सुरतेस मानवधर्म सभा स्थापन करणाऱ्या दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा पांडुरंग यांच्या मंडळाने मांत्रिकांच्या सामर्थ्याला उघड आव्हान दिले. लोकहितवादींनी 1848 पासून लिहिलेल्या शतपत्रांतून भोळसटपणाची कठोर झाडाझडती घेतली. पुढे आगरकरांनी हेच व्रत जन्मभर चालविले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी मुलुंडाच्या शिवारातून धूर सोडीत गेली, तेव्हा तिला बळी द्यावे लागतात अशी आवई उठविणारे लोक होते. त्याच गाडीने कचेरीस जाणारा त्यांचा नातू मात्र अशा गोष्टींना हसू लागला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचा शिकलेला मनुष्य भुतांविषयी संशयवादी झाला होता, आणि तो तसा झाला हे इष्टच होते. अनर्थ एवढाच झाला की, जे आपल्या माहितीत नाही ते असूच शकत नाही, असे मानण्याची सवयही त्या संशयाच्या पाठोपाठ अनेकांच्या अंगी मुरली.

या सवयीची कसोटी 1896 च्या सप्टेंबरात लागली. बंदरालगतच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे वैद्य आपल्या रोग्यांना तपासत असता त्यांना ताप आणि जांघेतल्या गाठी यांचा असा काही मेळ दिसला की, हा ग्रंथिक सन्निपात म्हणजेच प्लेग आहे असे त्यांनी निःशंकपणे सांगितले. ते नगरपालिकेचे सभासद होते; त्यांनी ही वार्ता स्थायी समितीपुढे मांडली. त्यांच्या निदानाचे स्वागत अविश्वासाने झाले. हा काही तरी संशयास्पद ताप असावा, तो पसरण्याचे कारण नाही, अशी समजूत घालण्यात बहुमोल दिवस गेले. बंदराचा व्यापार बुडण्याची भीती हे त्या समजुतीमागचे एक कारण होते, आणि असा रोग आधुनिक नगरात येणे संभवत नाही हा अहंकार हे दुसरे. अखेर इतर तज्ज्ञांनी आणि जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी रोगजंतू पाहून तेच सांगितले, तेव्हा वादाला जागा उरली नाही.

परंतु सामान्य रहिवाशाचा संशय प्रयोगशाळेच्या अहवालाने फिटला नाही. तो एका रात्रीत, आपल्याच खोलीत, फिटला. मांडवीतील त्या घरांची रचना डोळ्यांपुढे आणावी. चार-चार मजले, मधोमध सांडपाण्याची अरुंद घरगल्ली, आणि आतल्या खोल्यांना खिडकीच नाही. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांना भर दुपारी हातात दिवा घ्यावा लागे. अशा खोलीत भुताच्या गोष्टींना हसणारा एखादा कारकून रात्री समईच्या उजेडात जेवावयास बसलेला असे, आणि आढ्यावरून एक उंदीर खाली पडे. तो पळत नसे. झिंगल्यासारखा दोन पावले चाले, गरगर फिरे आणि ताटाच्या कडेला मरून पडे. शेजारच्या घरात आठवड्यापूर्वी असेच झाले होते, आणि त्या घरातून दोन तिरड्या निघाल्या होत्या, हे त्याला ठाऊक असे. त्या क्षणी वाद संपे. कोणतेही प्रमाण मागण्याच्या मनःस्थितीत तो उरत नसे. पहाटेच्या आत वळकटी बांधून, मुलांना उठवून, तो बोरीबंदराची वाट धरी. 'उंदीर पडले' हे दोन शब्द त्या पिढीला घर सोडण्यास पुरेसे होत. शहर सोडून गेलेल्यांची संख्या लाखांनी मोजावी लागली, आणि साष्टीच्या गावांतून, ठाण्याच्या वाटेवर, ताडपत्रीच्या नि झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या.

सरकारचाही संशय भीतीत पालटला, आणि त्या भीतीतून जी तातडी निर्माण झाली ती भयंकर होती. 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यावयाचे, बिऱ्हाड विलग छावणीत ठेवावयाचे, चीजवस्त जाळावयाची, भिंतींना चुना फासावयाचा, जंतुनाशक द्रव ओतावयाचा, आणि घरात ऊन यावे म्हणून छपराची कौले उतरावयाची. ज्या घरात रोगी निघाला त्याच्या दारावर वर्तुळ काढून आत तारीख लिहीत. काही दारांवर अशी अनेक वर्तुळे एकापुढे एक दिसत. भगताने ठोकलेला खिळा आणि समितीने काढलेले वर्तुळ यांच्यात त्या गल्लीतल्या भयभीत मनुष्याला फारसा भेद दिसला नसेल तर त्याला दोष कसा द्यावा? अब्रू आणि आजार यांची उघड्यावर झालेली ही परवड लोकांना सहन झाली नाही. समिती नेमली जाण्यापूर्वीच, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता; मार्च 1898 मध्ये मुंबईत दंगल झाली; पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून झाला तो याच धुमाळीत. आणि इतके करूनही साथ हटली नाही, कारण तातडी होती, पण शत्रू कोठे बसला आहे हे कोणालाच कळलेले नव्हते.

ते कळले पछाडलेल्या घरात जाऊन. 1898 मध्ये सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत उंदीर आणि पिसू यांचा संबंध दाखविला होता, पण त्यावर विश्वास ठेवण्यास बहुतेक जण तयार नव्हते. पुढे परळच्या जुन्या राजभवनात, जेथे हाफकिन यांची प्रयोगशाळा होती, जंतुशास्त्रज्ञ लिस्टन आणि 1905 साली नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळाचे त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न धसास लावला. ज्या खोल्यांतून प्लेगने माणसे गेली होती आणि ज्यांत पाऊल टाकण्यास कोणी धजत नव्हते, त्या रिकाम्या खोल्यांत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले. थोड्या अवधीने पाहावे तो त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढलेल्या असत, आणि त्यांपैकी कित्येक प्लेगने मरत. औषधाने धुऊन काढलेल्या खोल्यांतही हेच घडे. मग त्यांनी पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातला प्राणी रोगाने गेला. दोन फुटांवरचा वाचला, कारण पिसवेला इतकी उंच उडी घेता येत नाही. एक पिंजरा बारीक जाळीने मढविला, दुसरा तसाच उघडा ठेवला; एकाच खोलीतली तीच हवा दोघांनी घेतली, आणि जाळीतला जगला. हवेत विष नव्हते, जमिनीत शाप नव्हता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची उपाशी पिसू खाली उतरे आणि मिळेल त्या उबदार देहाचा आश्रय घेई.

या प्रयोगांचा जो अर्थ मला वाटतो तो मी स्पष्टपणे मांडतो. घर माणसाला धरते, त्यात नवा आलेला मनुष्यही मरतो, आणि घर सोडून माळावर गेलेला वाचतो, हे लोकांचे निरीक्षण अक्षरशः खरे होते. उंदीर पडताच गाव सोडण्याचा त्यांचा परिपाठ सरकारी चुन्यापेक्षा अधिक उपयोगी होता. चूक होती ती त्या निरीक्षणाला दिलेल्या समंधाच्या नावात, आणि त्या नावामुळे उपाय उताऱ्यापाशी अडून राहिला यात. याउलट सुशिक्षिताने नाव खोटे ठरविले हे योग्य केले, पण नावाबरोबर निरीक्षणही टाकून दिले, आणि मग छातीत धस्स होईपर्यंत तो जागा झाला नाही. भय सत्याचा पुरावा नव्हे; परंतु अनेकांचे भय एकाच घराकडे बोट दाखवू लागले तर तेथे दिवा घेऊन जाणे हे विवेकी मनुष्याचे कर्तव्य आहे. लिस्टन यांची थोरवी याच्यात आहे की, त्यांनी भ्यालेल्यांची साक्ष नाकारली नाही, आणि तिच्यापाशी थांबलेही नाहीत.

मुंबईने या धड्यातून आणखी एक गोष्ट उचलली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्ती चिरून समुद्राचा वारा आत आणण्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले गेले, आणि दादर-माटुंग्याकडे मोजून-आखून वसाहती उभ्या राहिल्या. यात गरिबांची हजारो बिऱ्हाडे उठविली गेली, त्या मानाने त्यांच्यासाठी पुरेशी घरे बांधली गेली नाहीत, हा त्या इतिहासातला मोठा अन्याय होय. तरीही घराला प्रकाश हवा, दोन घरांत अंतर हवे, सांडपाण्याला वाट हवी, हे तत्त्व तेव्हापासून राज्यकारभारात मान्य झाले. 1915 मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे नगररचनाशास्त्री मुंबईस आले आणि 1919 पासून विद्यापीठात शिकवू लागले. या विचारांच्या हवेतच 1922 चे मुलुंड आखले गेले. शहराबाहेरची स्वच्छ वसाहत, येऊरच्या डोंगराकडून येणारा वारा, आगगाडीची सोय आणि रुंद सरळ रस्ते, ही त्या वेळच्या गृहस्थास मोहविणारी चित्रे होती. आणि ज्याने बालपणी उंदीर पडलेले पाहिले होते त्याला त्या चित्रांचा अर्थ अधिक खोल कळत असला पाहिजे. 1957 मध्ये बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत आली, चाळी आणि सोसायट्या वाढल्या, पण स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंतची ती जाळी अद्याप पुसली गेलेली नाही.

आज त्याच भूखंडांवरच्या दोन-तीन मजली इमारती पाडून त्यांच्या जागी उत्तुंग मनोरे बांधले जात आहेत. जुन्या भिंतींना ओल आलेली, सज्जे ढासळू लागलेले, तेव्हा पुनर्विकास अटळ आहे, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु नवीन घरात विधिपूर्वक वास्तुशांत करणारे आपण, त्या घराच्या आतल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागेल की नाही, हे करारनाम्यावर सही करण्यापूर्वी क्वचितच विचारतो. वास्तुशांत अवश्य करावी, तिच्यात पिढ्यांची श्रद्धा आहे. पण शेजारच्या मनोऱ्यापासून अंतर किती, खिडकी कोणत्या बाजूस उघडते, कचरा आणि सांडपाणी कोठून जाणार, हे प्रश्न नकाशा पुढ्यात घेऊन तितक्याच निष्ठेने विचारले गेले पाहिजेत. हे प्रश्न विचारण्याची तातडी मांडवीच्या रहिवाशाला प्रेते निघाल्यावर आली. आपल्याला ती कागद हातात असतानाच यावी, एवढ्यासाठी हा इतिहास पुन्हा सांगावयाचा.