बियाफ्रा

बियाफ्रा : नायजेरियाच्या पूर्व प्रदेशाने संघराज्यातून फुटून स्थापलेले अल्पायुषी प्रजासत्ताक (३० मे १९६७–१५ जानेवारी १९७०). राजधानी प्रथम एनुगू, ती पडल्यावर उमुआहिया आणि तीही गेल्यावर ओवेरी. लाल, काळ्या, हिरव्या पट्ट्यांवर उगवता अर्धा सूर्य हे त्याचे निशाण. नाव बियाफ्राच्या उपसागरावरून घेतलेले. युद्ध संपल्यावर नायजेरियाने उपसागराचेच नाव बदलून ‘बॉनीचा उपसागर’ केले.

ब्रिटिशांनी १९१४ मध्ये उत्तर व दक्षिण नायजेरिया एका कारभाराखाली आणले आणि १ ऑक्टोबर १९६० रोजी ते एकसंध देश म्हणून सोडून गेले. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा आणि पूर्वेत इग्बो बहुसंख्य. मिशनच्या शाळांत शिकलेले इग्बो रेल्वे, टपाल, कारकुनी आणि दुकानदारीच्या निमित्ताने उत्तरेतील शहरांत स्थिरावले. तिथे त्यांची वस्ती मूळ शहरापासून वेगळी, सबोन गारी म्हणजे ‘नवे गाव’ या नावाची असे. पिढी-दोन पिढ्या राहूनही ते परकेच राहिले.

१५ जानेवारी १९६६ च्या लष्करी उठावात पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा आणि उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेलो मारले गेले. उठाव करणारे बहुतेक मेजर इग्बो होते, त्यामुळे उत्तरेत हा इग्बोंचा कट ठरला. नंतर सत्तेवर आलेले जनरल आग्वियी-इरॉन्सी हेही इग्बो. त्यांनी संघराज्याची घडी मोडून एककेंद्री कारभार जाहीर केला आणि संशय पक्का झाला. जुलैच्या प्रतिउठावात त्यांची हत्या होऊन याकुबू गोवॉन सत्तेवर आले. मे महिन्यात सुरू झालेल्या इग्बोंच्या कत्तली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टिपेला पोहोचल्या. हजारो माणसे मारली गेली, दहा लाखांहून अधिक निर्वासित पूर्वेकडे परतले. बियाफ्रा तेलासाठी फुटला असे सर्रास लिहिले जाते. तेल होतेच आणि त्यावरून ओढाताणही झाली. पण ज्या राज्यसंस्थेने आपल्या माणसांना वाचवले नाही तिच्यावरचा विश्वास उडणे हे मूळ कारण होते आणि ते तेलाखाली गाडणे हा त्या निर्वासितांवर अन्याय आहे.

जानेवारी १९६७ मध्ये घानातील आबुरी येथे गोवॉन आणि पूर्वेचे लष्करी राज्यपाल ओदुमेग्वू ओजुक्वू यांच्यात समझोता झाला. परतल्यावर दोघांनी त्याचे दोन अर्थ लावले. २७ मे रोजी गोवॉननी देशाची बारा राज्ये पाडली. त्यात पूर्वेचे तीन तुकडे झाले आणि पोर्ट हारकोर्ट बंदर व तेलाचा मोठा भाग इग्बोबहुल राज्याबाहेर गेला. तीनच दिवसांनी ओजुक्वूंनी स्वातंत्र्य जाहीर केले. जुलैत युद्ध सुरू झाले. ऑगस्टमध्ये बियाफ्राच्या फौजा नायजर नदी ओलांडून बेनिन शहराच्याही पुढे गेल्या, पण ती मजल टिकली नाही. ऑक्टोबरात एनुगू पडले, मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट गेले आणि समुद्राची वाट बंद झाली.

फुटून निघणाऱ्यांना स्वतःचे मत असते तसेच त्यांच्या पोटातल्या अल्पसंख्याकांनाही असते. इजॉ, इबिबिओ, एफिक, ओगोनी या लोकांपैकी अनेकांना इग्बोंच्या वर्चस्वाखालचे नवे राज्य नको होते. नायजर त्रिभुज प्रदेशाचे स्वतंत्र प्रजासत्ताक फेब्रुवारी १९६६ मध्येच जाहीर करणारे इजॉ नेते आयझॅक बोरो युद्धात संघराज्याच्या बाजूने लढले आणि १९६८ मध्ये मारले गेले. बियाफ्राच्या करुण कहाणीत हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळू नये.

बाहेरच्या जगाने बियाफ्राची बाजू न्याय्य आहे की नाही हे फारसे तपासले नाही. प्रत्येकाने आपापल्या सीमा तपासल्या. आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ मध्ये कैरोत ठराव केला होता की वसाहतींकडून मिळालेल्या सीमा तशाच मानायच्या. कांगोतून फुटलेल्या काटांगाचा अनुभव ताजा होता. संघटनेने नेमलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी. त्यांनी १९६२ मध्ये एरिट्रिया खालसा केला होता आणि तिथे बंड चालू होते. एरिट्रिया स्वतंत्र झाला तो १९९३ मध्ये. ब्रिटनने शेल-बीपी या तेलकंपनीचे हितसंबंध सांभाळत संघराज्याला शस्त्रे पुरवली, सोव्हिएत संघाने मिग विमाने दिली. शीतयुद्धातले दोन विरोधक इथे एका बाजूला आले. अमेरिकेने शस्त्रे कोणालाच दिली नाहीत. फ्रान्सने मान्यता न देता गॅबन आणि आयव्हरी कोस्टमार्गे बियाफ्राला शस्त्रे पोहोचवली. उघड मान्यता दिली ती पाच देशांनी : टांझानिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट, झांबिया आणि हैती. त्यांत टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरेंची भूमिका सर्वांत प्रामाणिक वाटते. राज्य लोकांच्या संमतीवर उभे असते, आणि ज्यांना त्यात जिवाची शाश्वती उरली नाही त्यांच्यावर ऐक्याची सक्ती करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तुलनेसाठी बांगलादेश पाहावा. तिथे पाकिस्तानातून फुटणारा प्रदेश लोकसंख्येने मोठा, मध्ये दीड हजार किलोमीटरचे अंतर, आणि शेजारी भारताचे सैन्य. बियाफ्राकडे यांतले एकही नव्हते.

सर्वाधिक बळी भुकेने घेतले. पूर्वेतल्या माणसाचे रोजचे खाणे म्हणजे याम आणि कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. पोट त्याने भरे, पण प्रथिने येत ती उत्तरेतल्या गुरांच्या मांसातून आणि नॉर्वेहून जहाजाने येणाऱ्या सुकवलेल्या कॉड माशातून. संघराज्याच्या नाकेबंदीने दोन्ही तोडले. मुलांचे पाय आणि पोट सुजले, केस तांबूस होऊन विरळ झाले. या विकाराचे क्वाशिऑर्कर हे नाव घानातल्या गा भाषेतले. पाठचे भावंड आल्यावर आईच्या दुधावरून तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. उली गावाजवळ मोटाररस्ता रुंद करून धावपट्टी केली होती. साओ टोमे बेटावरून चर्चची मदतविमाने रात्री दिवे मालवून येत, उतरताना क्षणभर धावपट्टी उजळे आणि पुन्हा अंधार होई. तोच सुका मासा, दुधाची भुकटी आणि मीठ अशा विमानांतून उतरत असे. शस्त्रांची विमानेही त्याच धावपट्टीवर येत, म्हणून संघराज्याची विमाने तिच्यावर बाँब टाकत. रेड क्रॉसबरोबर इथे काम केलेल्या फ्रेंच डॉक्टरांपैकी काहींनी १९७१ मध्ये ‘मेद्सँ साँ फ्रोंतिएर’ ही वैद्यकीय मदत संघटना उभारण्यात पुढाकार घेतला.

जानेवारी १९७० मध्ये ओजुक्वू आयव्हरी कोस्टला गेले आणि फिलिप एफिओंग यांनी शरणागती पत्करली. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही, असे गोवॉननी जाहीर केले. अनेकांना भीती होती तसा सूडाचा नरसंहार झाला नाही, याचे श्रेय त्यांच्या पदरात घालायलाच हवे. मात्र बँकेत कितीही रक्कम असो, बियाफ्रातल्या खातेदाराच्या हाती सरसकट वीस पौंड पडले. पोर्ट हारकोर्टमध्ये इग्बोंची घरे ‘सोडून दिलेली मालमत्ता’ म्हणून दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. ओजुक्वूंना १९८२ मध्ये माफी मिळाली. स्वतंत्र बियाफ्राची मागणी नव्या पिढीने पुन्हा उचलली असून ती करणाऱ्या आयपॉब या संघटनेवर २०१७ मध्ये बंदी आली. ३० मे रोजी पूर्वेतल्या अनेक शहरांत दुकाने बंद ठेवून आजही मृतांचे स्मरण केले जाते.