घंटेची हद्द आणि विमानाची हद्द

वाईहून धोमच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर कृष्णेच्या काठी मेणवली लागते. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यांनी बांधलेला घाट पाहण्यासाठी येथे लोक येतात. घाटावरच्या देवळापाशी एका लहानशा घुमटीत पंचधातूची एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकी ही एक, असे परंपरा सांगते. नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीतच जाऊन बसली आहे. धर्म बदलला, भाषा बदलली, तरी घंटेचे काम बदलले नाही. वसईत जी माणसांना प्रार्थनेला बोलावीत होती ती मेणवलीतही तेच करीत राहिली. या इतिहासातील जय-पराजयाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वेगळा आहे, आणि तो आवाजाचा आहे.

जुन्या ख्रिस्ती गावात घंटेला तीन-चार कामे असत. पहाटे, मध्यान्ही आणि सांजवेळी त्रिकाल प्रार्थनेची घंटा होई. मध्यान्हीच्या घंटेचा इतिहास १४५६ सालच्या बेलग्रेडच्या वेढ्यापर्यंत मागे जातो. परमगुरू तिसरे कॅलिक्स्टस यांनी त्या वेळी ती वाजवण्याची आज्ञा केली होती. कोणी वारले तर घंटा, आग लागली तर घंटा. शेतात वाकलेला माणूस तिच्यावरून वेळ ओळखी. ही घंटा जेथवर ऐकू जाई तेथवर गावाची एक न लिहिलेली हद्द असे. आवाज मोठाच होता, पण तो कोणाचा, कशासाठी आणि किती वेळ, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. नको असल्यास तो बंद करा म्हणून सांगायला पाद्रीबाबाचे दारही जवळच होते.

वसईच्या खाडीच्या दक्षिणेला साष्टी बेट. तेथील गावांनीही अशाच घंटांवर शतके काढली. मरोळचे संत योहान बाप्तिस्ता यांचे चर्च येशूसंघीयांनी १५७९ मध्ये उभारले. 'साष्टीचा प्रेषित' म्हणून ओळखले जाणारे फादर मानुएल गोमेश यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे लोकांनी ती वस्ती सोडली आणि धर्मग्राम मरोळ गावात हलला. जुन्या चर्चचे भग्नावशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. कोलेकल्याण येथील 'इजिप्तची माता' हे चर्च १६०६ चे. सहार, मरोळ, कोलेकल्याण, बामणवाडा ही सारी भातशेतीची गावे. पाखाड्या, वाटेवरचे क्रूस, विहिरी आणि घरात मराठीची आपली बोली. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि २६ मे १८८७ रोजी आपली संस्था स्थापन केली. हे नाव इंग्रजांना खूश करणारे होते खरे. पण त्याने पुढे जमिनी वाचल्या नाहीत.

मुंबईचे पहिले विमानतळ जुहूचे, १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले, ते एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. त्या विमानाचा आवाज ऐकून लोक अंगणात धावत आले असतील तर नवल नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षे तरी विमानाचा आवाज हा कौतुकाचाच विषय होता. सांताक्रूझचा तळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या हाती होता. युद्धानंतर नागरी वाहतूक जुहूहून तेथे गेली. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. हे नाव पुढे जगभरच्या विमानाच्या तिकिटांवर छापले गेले, हा एक योगायोग.

कौतुक संपले ते जेट विमानांनी. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने आली आणि १९७१ मध्ये जंबो आले. १९८१ मध्ये सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले, तेव्हा ज्या गावाची शेते गेली त्याच गावाचे नाव विमानतळाला मिळाले. २०१४ मध्ये नवे टर्मिनल उघडले. डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत १,००७ उड्डाणे आणि अवतरणे करण्याचा विक्रम येथे नोंदला गेला. या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. हिशेब केला तर दीड मिनिटाला एक विमान पडते. वृत्तपत्रांनी विक्रमाचे अभिनंदन केले आणि ते योग्यही होते. त्यामागे कर्मचाऱ्यांचे मोठे कौशल्य आहे. पण खाली घाटकोपर, कुर्ला, विलेपार्ले या भागांत त्या दिवशी दोन आवाजांमधली शांतता किती उरली, हे कोणी मोजले नाही.

येथे एक गोष्ट विमानाच्या बाजूने सांगितली पाहिजे. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानांच्या आवाजाविषयी पहिले नियम केले, तेव्हापासून प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा शांत होत आली आहे. आजचे विमान बोइंग ७०७ च्या मानाने कितीतरी कमी आवाज करते. मात्र संख्या त्याहून वेगाने वाढली. एकेकाळी दिवसातून काही वेळा कानठळ्या बसत. आता कानठळ्या बसत नाहीत, पण थांबतच नाही. विमानमार्गाखालच्या शाळेत शिक्षक वाक्याच्या मध्ये थांबतो, विमान जाऊ देतो आणि पुन्हा सुरू करतो. चर्चमध्ये प्रवचन करणाऱ्यालाही ही सवय लागते.

या सवयीची किंमत मुले मोजतात. जर्मनीतील म्युनिकचे जुने विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन दुसरीकडे नवे सुरू झाले, तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांचा अभ्यास केला. जुन्या जागेजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले. नव्या जागेजवळच्या मुलांचे बिघडले. २००५ मध्ये लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिद येथील विमानतळांभोवतीच्या नऊ-दहा वर्षांच्या २,८०० हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही विमानांचा आवाज वाढतो तशी वाचनाची समज मागे पडते, असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी शिफारस केली की विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या आत असावा.

आपल्याकडे काय आहे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. (आपले सण, लाऊडस्पीकर आणि फटाके या मर्यादेत बसतात का, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावे.) विमानतळांच्या आवाजक्षेत्रासाठी मात्र २०१८ मध्ये वेगळे मानक आले : गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५, इतरांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६०. पंचेचाळीस आणि पासष्ट यांत फरक फक्त वीसाचा दिसतो. पण डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. वीस म्हणजे शंभरपट. झोपलेल्या माणसाचा कान तोच, केवळ त्याचे घर धावपट्टीजवळ आहे म्हणून कायदा त्याच्याकडून शंभरपट सहनशीलतेची अपेक्षा करतो.

या असमतोलाचे मूळ फार जुने आहे. १९२० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की वाजवी उंचीवरून विमान गेले तर केवळ तेवढ्यावरून जमीनमालकाला दावा लावता येणार नाही. त्या वेळी विमानविद्या बाल्यावस्थेत होती, तिला जपणे आवश्यक वाटले. हीच तरतूद आपल्या १९३४ च्या विमान कायद्यात कलम १७ म्हणून आली. स्वातंत्र्य मिळाले, जेट आले, जंबो आले, तरी कलम तसेच राहिले. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. जुन्या कायद्याचा बराचसा साचा त्यात कायम आहे.

दुसरीकडे भूसंपादनाचा १८९४ चा कायदा फक्त जमीन ओळखत होता. ज्याच्या जमिनीचा तुकडा गेला, त्याच्या उरलेल्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास त्याचा विचार होई. ज्याची एक गुंठाही जमीन गेली नाही आणि जो कुंपणाच्या बाहेर आपल्याच घरात राहिला, त्याचे नाव कोणत्याच यादीत येत नसे. २०१३ च्या नव्या कायद्याने बाधितांची व्याख्या विस्तारली, भूमिहीन मजुराची उपजीविकाही धरली. हे मोठे पाऊल होते. पण ज्याची झोप गेली तो त्या व्याख्येतही नाही. विमानतळाची हद्द मोजणीदार जमिनीवर आखतो. आवाजाची हद्द आखायला कोणी येत नाही.

इतर देशांतही हे आपोआप घडलेले नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉझ्बी नावाच्या शेतकऱ्याचा कोंबड्यांचा व्यवसाय होता. महायुद्धाच्या काळात लष्करी विमाने त्याच्या घरावरून अवघ्या ६७ फुटांवरून उतरू लागली. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरू लागल्या, दिवसाला सहा-सहा, दहा-दहा. दीडशेच्या आसपास कोंबड्या गेल्या आणि धंदा बसला. १९४६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आकाश सर्वांचे असले तरी इतक्या खालून सतत उडणे म्हणजे त्या माणसाची जमीनच घेणे होय, आणि सरकारने त्याची भरपाई दिली पाहिजे. ब्रिटनने १९७३ मध्ये कायदा करून, धावपट्टी नवी झाली वा वाढली आणि आवाजामुळे घराची किंमत घटली तर, जमीन गेलेली नसली तरी भरपाई देण्याची सोय केली. म्हणजे ज्या देशाकडून १९२० चे कलम आपण घेतले, त्याने पुढे त्याला जोड दिली; आपण जोड घेतली नाही.

जपानमधील ओसाकाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. विमानतळाभोवतीच्या रहिवाशांनी दावा लावला. १९७५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रात्री नऊनंतर विमाने नकोत असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये हा आदेश रद्द केला, पण झालेल्या त्रासाची भरपाई मान्य केली. रहिवासी एका अर्थाने हरले. तरी त्या विमानतळावर सकाळी सातपूर्वी आणि रात्री नऊनंतर विमाने न उडवण्याची पद्धत पडून गेली, आणि १९९४ मध्ये त्या शहरासाठी नवे विमानतळ समुद्रात भर घालून बांधण्यात आले.

ख्रिस्तसभेने विमानाला परके मानलेले नाही. २४ मार्च १९२० रोजी परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी लोरेतोच्या मातेला वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. विमानाला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आपल्या विधिग्रंथात आहे. विमानाखाली राहणाऱ्यांसाठी तशी एखादी आश्रयदात्री नेमण्याचे कोणाला सुचले नाही, एवढेच. २०१५ मध्ये परमगुरू फ्रान्सिस यांनी 'लाऊदातो सी' या परिपत्रकात शहरांना राहण्यास अयोग्य करणाऱ्या गोष्टींमध्ये आवाजाची गणना केली आहे. होरेब डोंगरावर एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात किंवा भूकंपात भेटला नाही, तर त्यानंतरच्या अगदी मंद स्वरात भेटला. तो स्वर ऐकू येण्यासाठी आधी वादळ थांबावे लागले होते.

वाईच्या वाचकाला वाटेल की हे सारे दूरचे आहे. वाईवरून जाणारी विमाने फार उंचावर असतात. पण मेणवलीच्या घाटाला लागून वाहणारी कृष्णा खाली कराडला कोयनेला भेटते, आणि कराडजवळ वारुंजीला १९५५ पासून विमानतळ आहे. कोयना प्रकल्पाच्या कामासाठी तो बांधला गेला. त्याची धावपट्टी सुमारे १,२८० मीटर, म्हणजे लहान विमानांपुरती. ती वाढवण्याची योजना पुढे आली तेव्हा वारुंजी, मुंढे, केसे या गावांतील शेतकऱ्यांनी विरोध केला. बागायती जमीन जाते, पिढ्यांची मेहनत जाते, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेच आहे. तिकडे नवी मुंबईत दहा गावे उठवून बांधलेला विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन डिसेंबरमध्ये सुरू झाला. पुरंदर तालुक्यातील सात गावांतही हाच वाद पेटला. सगळीकडे वादाचा विषय जमीन, तिचा दर, पुनर्वसन. तो असायलाच हवा. परंतु ज्यांची जमीन जात नाही ते शेजारचे गाव या सभांना येत नाही. आपला काही संबंध नाही असे त्याला वाटते.

संबंध सर्वांत अधिक त्याचाच आहे. जमीन गेलेल्याला निदान पैसे मिळतात आणि तो दुसरीकडे जातो. शेजारचा तेथेच राहतो. ग्रामसभेत त्याने विचारण्याजोग्या गोष्टी अगदी साध्या आहेत : विमाने कोणत्या दिशेने उतरणार आणि कोणत्या दिशेने उडणार, पहिले विमान पहाटे किती वाजता आणि शेवटचे रात्री किती वाजता, त्या रेषेखाली कोणती शाळा, कोणता दवाखाना, कोणते देऊळ वा चर्च येते, आणि आवाजाच्या रेषा दाखवणारा नकाशा गावाच्या चावडीवर केव्हा लावणार. असे नकाशे काढण्याची विद्या आज उपलब्ध आहे आणि ते धावपट्टी होण्यापूर्वी काढता येतात. मोजणीची माणसे गावात येतात तोच हे विचारण्याचा काळ. ओसाकाला जेट विमाने १९६४ पासून उतरत होती; रहिवासी न्यायालयात गेले ते १९६९ मध्ये, आणि शेवटचा निकाल लागेपर्यंत १९८१ चा डिसेंबर उजाडला होता.