पाठ टेकली का?
कुस्तीतले सलग तीन महाराष्ट्र केसरी किताब, 2014 ते 2016: विजय चौधरींच्या या पराक्रमाचा अभिमान फैजपूरपासून चाळीसगावपर्यंत साऱ्या खानदेशाला आहे. त्याच स्पर्धेला आता पंचांच्या निकालाचा वाद चिकटला आहे. 2023 मध्ये पुण्यात मल्ल सिकंदर शेखविरुद्ध दिलेल्या चार गुणांवरून रान उठले. 2025 मध्ये अहिल्यानगरला, पाठ टेकलीच नाही म्हणत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथ अक्षम्यच, पण मल्लाला शिक्षा झाल्याने निकालाची शंका फिटत नाही. ती फेडू शकते लढतीची चित्रफीत. ती पाहत बसल्याने लढतीची लय मोडते, हा आक्षेप खरा आहे. फुटबॉलनेही तो ऐकला, तरी 2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच आणलेच. चितपट तर कुस्ती तिथेच संपवते. म्हणून चितपट जाहीर करण्याआधी चित्रफीत पाहणे कुस्तीगीर संघाने सक्तीचे करावे.