तगरच्या वाटेवर बीड

परवा रात्री घरात टीव्हीवर हरवलेल्या शहरांची एक मालिका चालू होती. अशा मालिकांचा साचा आता आपल्या चांगला ओळखीचा झाला आहे. घनदाट जंगल, वेलींनी वेढलेले दगड, पाठीवर पिशवी लावलेला एक उत्साही गृहस्थ आणि मागे वाजणारं गूढ संगीत. अलीकडे त्यात लेसर किरणांची भर पडली आहे. २०१९ पासून आलेल्या अल्बर्ट लिन यांच्या मालिकेत वरून किरण सोडून झाडीखालची जमीन मोजतात, मग संगणकावर झाडं पुसली जातात आणि खालचे चौथरे, पायऱ्या, रस्ते उघडे पडतात. पाहताना अंगावर काटा येतो, हे मीही कबूल करतो.

त्या रात्री माझा नातू शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "आजोबा, आपल्या बीड जिल्ह्यात असं एखादं शहर हरवलंय का?" मी म्हटलं, "हरवलेलं मला माहीत नाही. पण एक शहर आपल्या जिल्ह्यात चुकून सापडलं होतं." त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. तीच हकीकत आज सांगायची आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक माणसानं व्यापाऱ्यांच्या उपयोगाचं एक छोटंसं पुस्तक लिहिलं. 'पेरिप्लस' या नावानं ते ओळखलं जातं. लेखकाचं नाव उरलं नाही, पुस्तक उरलं. कोणत्या बंदरात काय विकतात, काय विकत घेतात, वारा कधी धरायचा, चाचे कुठे भेटतात, असा सगळा रोकडा मजकूर. भारतावरच्या माहितीपटांत केरळचं मुझिरिस बंदर आणि मिरीचा व्यापार आला की हे पुस्तक हमखास निघतं. मायकेल वूड यांच्या २००७ सालच्या 'द स्टोरी ऑफ इंडिया'तही ते आहे. पण मुझिरिसच्या मजकुरापासून दोन-चार परिच्छेद मागे गेलं, की ५१व्या परिच्छेदात आपला मुलूख लागतो.

तिथे लिहिलं आहे, की भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेकडे सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं दुसरं फार मोठं शहर आहे. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांत भरून, जिथे धड रस्ता नाही अशा मोठ्या मुलखातून भडोचला आणतात. पैठणहून येतात मौल्यवान खडे. तगरहून येतं साधं जाडंभरडं कापड पुष्कळ, आणि तलम मलमलीचे नाना प्रकार. शिवाय किनाऱ्याकडच्या प्रदेशातून तगरला आलेला आणखी काही माल.

इतकंच. चार ओळींचा मजकूर. पैठण सर्वांना ठाऊक होतं, ते कधी हरवलंच नाही. पण तगर कुठे?

बरं, हे नाव काही त्या परदेशी माणसानं ऐकीव लिहिलेलं नव्हतं. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर इथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. त्यांच्या हाती तगर होतं म्हणून नव्हे. आपलं कूळ मूळचं त्या थोर नगरातलं, हे मिरवण्यासाठी. गाव सुटलं तरी गावाचं नाव माणसं सोडत नाहीत. आपल्याकडची आडनावं पाहा ना! म्हणजे पहिल्या शतकानंतर हजारएक वर्षांनीही तगर या नावाला मान होता. आणि पुढे कुठेतरी हे नाव नकाशावरून पुसलं गेलं.

शोध सुरू झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७८८ साली निघालेल्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात फ्रान्सिस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्यानं तगरवर लेख लिहिला आणि ते म्हणजे देवगिरी असं ठरवलं. देवगिरी भव्य खरी, पण ती पैठणच्या वायव्येला, आणि पुस्तकातला लेखक तर पूर्वेला जा म्हणतो. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचं नाव घेतलं. माणूस मोठा, जुन्नरही प्राचीन, पण ते तर थेट पश्चिमेला. आणि डॉ. रा. गो. भांडारकरांनी नाव सुचवलं ते आपल्या धारूरचं! होय, बीड जिल्ह्यातलं, सीताफळाचं आणि किल्ल्याचं धारूर. चुकून सापडलेलं शहर म्हणतो ते हे.

आज हे वाचून हसू येईल, पण हसू नये. भांडारकरांनी निदान दिशा तरी नीट धरली होती. धारूर पैठणच्या आग्नेयेला आहे आणि तिथे जायला बालाघाट चढावाच लागतो. अंतर मात्र कमी पडतं. मी एकदा नकाशावर पट्टी ठेवून हिशेब केला. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. वीस दिवसांत तेवढं, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. बैलगाडीच्या मानानं बरोबर आहे. पैठण ते धारूर मात्र शंभर-सव्वाशेच्या आत. त्याला दहा दिवस लावायचे तर गाडीवान फारच आळशी हवेत! आणखी चाळीसएक किलोमीटर पुढे गेलं की हिशेब जुळतो. आणि तिथे, तेरणा नदीच्या काठी, एक गाव आहे. तेर.

१९०१ साली जे. एफ. फ्लीट या शिलालेखतज्ज्ञानं लेख लिहून दाखवून दिलं, की तगर म्हणजेच तेर. तगर, मग मधला 'ग' झिजून तयर, मग तेर. अंतर जुळलं, नाव जुळलं. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी गावात जाऊन पाहणी केली आणि पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात तेरवर सविस्तर लिहिलं. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर पाहून तेही थबकले असणार. विटांचं, मागची बाजू अर्धगोल असलेलं हे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृहाच्या घडणीचं. डोंगरात कोरलेली चैत्यगृहं आपण वेरूळ-अजिंठ्याला पाहतो. जमिनीवर बांधलेलं आणि इतकं जुनं असूनही उभं राहिलेलं असं बांधकाम विरळाच.

गंमत पाहा. जंगल नाही, वेली नाहीत, वाळवंट नाही. गाव नांदतं होतं. बाजार भरत होता. संत गोरोबाकाकांच्या समाधीला वारकरी येत होते. शहर कुणी गिळलं नव्हतं. ते वस्तीखालीच होतं आणि लोक रोज त्याच्यावरून चालत होते. हरवलं होतं ते फक्त नाव. मला नेहमी वाटतं, की गोरोबा ज्या मातीत पाय देऊन उभे राहिले, तिच्या खाली हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुंभारांनी घडवलेली भांडी पडून होती.

पुढे तेरला उत्खननं झाली. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी केलं, नंतर साठच्या दशकात आणि अलीकडेही झाली. सातवाहनकाळची घरं, शंखाच्या बांगड्या, मणी, पांढऱ्या मातीच्या नाजूक मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत उठवलेली पदकं आणि विटांचा एक मोठा स्तूप, ज्याची आतली बांधणी चाकाच्या आऱ्यांसारखी. पण खरं काम खात्याच्या आधी आणि खात्याबाहेर एका गावकऱ्यानं केलं होतं. रामलिंगप्पा लामतुरे. तेरचेच रहिवासी. पावसानं उघड्या पडलेल्या, नांगराला लागलेल्या, पोरांना खेळताना मिळालेल्या वस्तू ते वर्षानुवर्षं जमवत राहिले. हजारो वस्तू झाल्या. पुढे तो सगळा संग्रह सरकारकडे गेला आणि त्यातूनच तेरचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं, त्यांच्याच नावाचं. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिची जवळची बहीण इटलीत, नेपल्सच्या संग्रहालयात आहे. १९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात ती मिळाली, साधारण चोवीस सेंटिमीटर उंचीची. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीनं पॉम्पेई गाडलं, तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तिच्याशी तुलना करायला तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या मूर्ती पुढे येतात, एवढं खरं.

पॉम्पेई प्रत्येक मालिकेत असतं. तेर क्वचितच दिसतं. त्याबद्दल मालिकावाल्यांना फार दोष देता येत नाही. दाखवायला तिथे खांबांच्या रांगा नाहीत, भिंतीवरची चित्रं नाहीत. मातीची आणि विटांची शहरं पडद्यावर शोभत नाहीत.

आता बीडकडे येतो. तेर तर धाराशिव जिल्ह्यात, मग आपलं त्यात काय, असं कुणी म्हणेल. पैठण आणि तेर यांच्यामध्ये नकाशावर एक सरळ रेघ ओढा आणि तिचा मध्य काढा. तो जवळजवळ बीड शहरावर येतो. गाड्या काही पट्टीनं ओढलेल्या रेघेवरून जात नसतात, हे मान्य. पण तेरहून निघालेल्या गाडीला पैठणला पोचायचं, तर बालाघाट कुठेतरी उतरावा लागणार, बिंदुसरा-सिंदफणेचं पाणी ओलांडावं लागणार आणि मग गोदाकाठ गाठायचा. दहा मुक्कामांपैकी निम्मेअधिक आपल्या जिल्ह्यात पडत असले पाहिजेत. कापडाच्या गाठी, बैल, गाडीवान, राखणदार. त्यांना रात्री पाणी लागणार, वैरण लागणार, मोडलेलं चाक नीट करायला सुतार लागणार. जिथे मुक्काम, तिथे वस्ती. हा माझा तर्क आहे. पुरावा जमिनीत असला तर असेल.

आणि नेमकं हेच दुखणं आहे. आपल्या मराठवाड्यात गावाला काळी आणि पांढरी असतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, चुना, हाडं, खापरं, सगळं एकावर एक साचून तो रंग येतो. कितीतरी गावांच्या कडेला उंचवटा असतो, त्याला कुणी पांढर म्हणतं, कुणी गढी म्हणतं. तो नुसता मातीचा ढीग नसतो. तेरचं तगर सापडलं ते अशाच टेकाडांत.

माझ्या लहानपणी, मृगाच्या आधी, आजोबा बैलगाडी जुंपून गावाबाहेरच्या पांढरीवर जायचे. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागे. उरलेली माती शेतात, खत म्हणून. आम्ही पोरं गाडीत बसून जायचो आणि मातीतून निघालेली खापरं वेचायचो. एका बाजूनं काळी, एका बाजूनं लाल, गुळगुळीत, छान चपटी. लगोरीला त्यासारखी खापरं नाहीत! सात रचायची आणि चेंडूनं फोडायची. कित्येक वर्षांनी एका संग्रहालयात काचेमागे तसंच काळं-तांबडं खापर दिसलं, खाली सातवाहनकाळ असं लिहिलेलं. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. आम्ही लगोरीत किती शतकं फोडली असतील!

आजोबांना दोष देत नाही. फावड्यानं आणि एका गाडीनं माणूस किती माती नेणार? शंभर वर्षांत कोपरा झिजेल. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात जड माळवदांखाली माणसं दगावली, पुढे पत्रे आणि स्लॅब आले आणि छपरासाठी पांढरी नेणं कमी झालं. तेव्हा वाटलं होतं, चला, टेकाडं वाचली. पण तोवर जेसीबी आला. आमच्या गावची ती पांढर मी गेल्या उन्हाळ्यात पाहिली. निम्मी राहिली आहे. उभ्या कापलेल्या कडेत थर स्पष्ट दिसत होते: राखेची करडी रेघ, मग माती, मग पुन्हा राख, एका जागी रांजणाचा अर्धा गळा. कुठलीही मालिका न पाहता, कुठलेही किरण न सोडता, गावचा इतिहास उघडा पडलेला. ट्रॅक्टरचा चालक ओळखीचा निघाला. म्हणाला, "गुरुजी, कुणाच्या तरी शेतात चाललीय. खत चांगलं होतं."

कायदा नाही असं नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली चीज मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं १८७८चा निखात निधीचा कायदा सांगतो. पण फुटक्या खापराची किंमत दहा रुपये कोण धरणार? सोन्याचं नाणं निघालं तर गाव गोळा होतं. खापर निघालं तर टायरखाली जातं. आणि अभ्यासकाला तर नाणं कोणत्या थरात, कोणत्या खापरासोबत होतं, हेच आधी पाहायचं असतं. थर एकदा ट्रॉलीत पडला की ते सांगायला कुणी उरत नाही.

नातवाला मी त्या टेकाडावर घेऊन गेलो. जंगल कुठंय, त्यानं विचारलं. मग खाली वाकून एक खापर उचललं, थुंकी लावून शर्टाला पुसलं आणि म्हणाला, "आतून काळं कसं काय?" मी त्याला सांगितलं, की भट्टीत भांडं पालथं ठेवलं की आत हवा पोचत नाही. घरी परतताना आम्ही मांजरसुंब्याचा घाट उतरलो. समोर धुळे-सोलापूर रस्त्यावर कापसानं भरलेला एक ट्रक, वर ताडपत्री ताणून बांधलेली, गोदावरीच्या दिशेनं चालला होता.