स्वरयंत्राचा आरंभीचा कर्करोग : ज्येष्ठांमधील किरणोपचार

स्वररज्जूंवर उद्भवलेल्या, स्वरयंत्राच्या चौकटीबाहेर न गेलेल्या आणि मानेतील लसिका ग्रंथींत न पोचलेल्या कर्करोगावर दिले जाणारे क्ष-किरण वा गॅमा किरणांचे उपचार. रोग एका किंवा दोन्ही स्वररज्जूंपुरता असून त्यांची हालचाल शाबूत असेल तर त्याला टी1 म्हणतात. तो रज्जूंच्या वर वा खाली सरकला असेल किंवा हालचाल मंदावली असेल तर टी2. टी1 अवस्थेत केवळ किरणोपचारांनी दहापैकी साधारण नऊ रुग्णांमध्ये रोग त्या जागेवरून कायमचा जातो. टी2 मध्ये हे प्रमाण दहापैकी सात ते आठ असते. हे यश सत्तरीच्या किंवा ऐंशीच्या रुग्णालाही मिळू शकते.

इतक्या यशामागे शरीररचनेचे कारण आहे. स्वररज्जूंमध्ये लसिकावाहिन्या फारच थोड्या असतात, त्यामुळे टी1 रोग ग्रंथींपर्यंत क्वचितच पोचतो आणि पूर्ण मानेवर किरण टाकावे लागत नाहीत. पाच-सहा सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. शिवाय रज्जूवर तांदळाच्या दाण्याएवढी वाढ झाली तरी आवाज बदलतो, म्हणजे रोग लवकर वर्दी देतो. स्वररज्जूंच्या वरच्या भागातला कर्करोग असा बोलका नसतो. तो उशिरा कळतो, ग्रंथींत लवकर जातो आणि त्यासाठी मानेच्या दोन्ही बाजूंवर उपचार करावे लागतात.

वर्दी मिळूनही वेळ जातो, विशेषतः वयस्कर माणसांत. आवाज बसला तर थंडी बाधली, कीर्तनात ओरडून घसा धरला, आता वय झाले, असे म्हणत मिठाच्या गुळण्या आणि ज्येष्ठमध यांवर महिने निघून जातात. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घेतलेच पाहिजे. बिडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याने तर एक दिवसही थांबू नये. निदान बायोप्सीनेच होते.

विभागून किरण देण्याची पद्धत या रोगाच्या उपचारांतूनच रूढ झाली. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लोद रगो यांनी मेंढ्यांवरील प्रयोगांत दाखवले होते, की एकाच वेळी दिलेली मोठी मात्रा कातडी जाळते, तीच अनेक दिवसांत विभागली तर आतल्या पेशी मरतात आणि कातडी तगते. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हे तत्त्व स्वरयंत्राच्या कर्करोगाला लावले आणि बरे झालेले रुग्ण 1922 साली पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत मांडले. तोवर या रोगावर मुख्य उपाय होता तो शस्त्रक्रियेचा. आजची रोज थोडी मात्रा देण्याची रीत तिथूनच आली.

उपचारांची सुरुवात मुखवट्याने होते. प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर व मानेवर दाबून बसवतात. काही मिनिटांत ती घट्ट होते आणि रोज मान त्याच जागी, त्याच कोनात राहते. मग मुखवट्यासह सीटी स्कॅन होतो. वृद्धांच्या बाबतीत इथेच अडचणी दिसू लागतात. पाठीला पोक असेल तर सपाट टेबलावर डोके टेकत नाही, दमेकऱ्याला उताणे झोपवत नाही, कवळी काढली की हनुवटीची ठेवण बदलते. म्हणून कवळी आत ठेवायची की बाहेर हे पहिल्या दिवशी ठरवून शेवटपर्यंत तसेच ठेवावे लागते. श्रवणयंत्र काढल्यावर तंत्रज्ञाची सूचना ऐकू येत नाही, तेव्हा हाताच्या खुणा आधीच पक्क्या कराव्यात. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ उतरवावी लागते. ती मनगटाला गुंडाळून ठेवता येते, हे आधी सांगितले तर आजोबांचा जीव कासावीस होत नाही. किरण चालू असताना आवंढा गिळायचा नसतो, कारण गिळताना स्वरयंत्र वर सरकते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचेच असतात आणि ते घेताना काहीही दुखत नाही.

स्वररज्जूंचा पुढचा सांधा बारीक मानेच्या वृद्धात कातडीपासून जेमतेम एक सेंटिमीटर आत असतो. सहा मेगाव्होल्टच्या रेषीय त्वरकाचा किरण पूर्ण मात्रेला पोचतो तो दीड सेंटिमीटरवर. म्हणून गरजेप्रमाणे मानेवर मेणासारख्या पदार्थाचा थर ठेवतात. कोबाल्ट-60 चा किरण अर्ध्या सेंटिमीटरवरच पूर्ण मात्रेला येतो. त्यामुळे भाभा अणु संशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाभाट्रॉनसारखे कोबाल्ट यंत्र या रोगासाठी कमअस्सल मानण्याचे कारण नाही.

मात्रा ग्रे या एककात मोजतात. जुनी रूढ पद्धत 66 ग्रे, 33 बैठकींत, म्हणजे साडेसहा आठवडे. जपानमधील ओसाका येथे टी1 च्या 180 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2006) रोजची मात्रा 2 ऐवजी 2.25 ग्रे केली, तेव्हा पाच वर्षांनंतरचे रोगनियंत्रण 77 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर गेले आणि त्रास वाढला नाही. त्यानंतर 63 ग्रे, 28 बैठकींत ही पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये 55 ग्रे चार आठवड्यांत, तर मँचेस्टरमध्ये सुमारे 50 ग्रे 16 बैठकींत देण्याची परंपरा आहे. म्हाताऱ्या माणसाला या आखूड पद्धतींचा दुहेरी लाभ होतो. फेऱ्या कमी होतात, आणि उपचार लांबल्यास उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागण्याचा धोकाही टळतो. मधल्या सुट्ट्या या रोगात खरोखर महागात पडतात. लग्न, वारी, पेरणी यांसाठी आठवडाभर किरणोपचार थांबवणे टाळलेच पाहिजे.

वयाबद्दल ठाम बोलायला हवे. ‘एवढ्या वयात कशाला त्रास द्यायचा’ हे वाक्य घरचे मायेने बोलतात, पण उपचाराविना हा रोग श्वासाची वाट अडवतो, गळ्याला भोक पाडायची वेळ आणतो, आणि तो त्रास किरणांच्या त्रासाहून कितीतरी मोठा असतो. जन्मतारीख पाहून उपचार नाकारू नयेत. पाहायचे ते रुग्णाचे वजन, चालणे, स्मरण, इतर औषधे आणि सोबतीला कोण आहे हे. त्यासाठी जी-8 नावाची आठ प्रश्नांची चाळणी वापरतात. 17 पैकी 14 किंवा कमी गुण आले तर वृद्धरोगाच्या अंगाने पूर्ण तपासणी करावी. सत्तरीपुढे किरणांना केमोथेरपीची जोड दिल्याने लाभ होत नाही, असे डोके-मानेच्या कर्करोगावरील एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. पण टी1 रोगात केमोची गरजच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

तोंडातून लेझर लावून वाढ काढणे हा दुसरा मान्य उपाय. तो एका दिवसात आटोपतो, पुन्हा करता येतो आणि किरण पुढच्यासाठी शिल्लक ठेवतो. मात्र त्याला संपूर्ण भूल लागते. हृदय वा फुप्फुसे अधू असतील, मान मागे वळत नसेल किंवा रोग पुढच्या सांध्यावर असेल तर किरण सरस. छोट्या वाढीत दोन्हींचे यश सारखे. लेझरनंतर आवाजात हवा सुटल्यासारखे वाटण्याची तक्रार अधिक आढळते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसा खवखवतो, गिळताना टोचते, आवाज आधीहून बिघडतो. रोग वाढला अशी भीती वाटते, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे. मानेची कातडी काळवंडते. तिथे बाम, अत्तर, वस्तऱ्याची दाढी नको. मऊ भात, वरण, ताक, लोणी चालते, तिखट नको. लाळग्रंथी चौकोनाबाहेर असल्याने तोंड फारसे कोरडे पडत नाही. बिडी चालू ठेवली तर किरणांचा गुण कमी येतो. संपल्यावर दोन-तीन महिन्यांत आवाज सुधारू लागतो.

दूरच्या परिणामांत स्वरयंत्राची सूज, क्वचित कूर्चेचा ऱ्हास आणि मानेच्या धमन्या अरुंद होणे यांचा समावेश होतो. धमन्या वाचवणारी तंत्रे आता उपलब्ध आहेत. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे केवळ रोगी रज्जूवर 16 बैठकींत 58.08 ग्रे देण्याची पद्धत वापरली गेली आहे.

महाराष्ट्रात खरा अडसर बहुधा रोजच्या फेऱ्यांचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतात, 75 वर्षांपुढील प्रवाशांना एसटी मोफत आहे, आणि उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर वर्गाचे भाडे माफ असते. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीचा आसरा मिळतो. ही माहिती निदानाच्या दिवशीच हाती पडावी.

पहिली दोन वर्षे एक ते तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी करतात, कारण रोग उलटला तर बहुधा याच काळात. लवकर सापडलेला उलटलेला रोग काहींत स्वरयंत्राचा काही भाग काढून, इतरांत संपूर्ण स्वरयंत्र काढून बरा करता येतो. ज्यांनी तंबाखू सोडलेली नसते त्यांच्या फुप्फुसांत आणि तोंडात नव्या कर्करोगाचाही शोध घेत राहावा लागतो.