दिशादर्शक दिवे, मोटारगाडीचे
मोटारगाडी डावीकडे की उजवीकडे वळणार आहे, याची आगाऊ सूचना रस्त्यावरील इतरांना देणारी विद्युत् प्रयुक्ती. ही सूचना चालक देत असला, तरी बाहेरचा दिवा खरोखर लागला की नाही, हे त्याला आसनावरून दिसत नाही. चुकीची सूचना ही सूचनेच्या अभावाइतकीच, किंबहुना अधिक घातक ठरू शकते. त्यामुळे सूचना देण्याच्या साधनांबरोबरच त्यांतील बिघाड चालकाला कळविण्याच्या साधनांचाही विकास होत गेला.

इतिहास : प्रारंभी चालक हात बाहेर काढून खुणा करीत. बंद टपाच्या गाड्यांचा प्रसार झाल्यावर ही पद्धत अपुरी पडली. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२८ मध्ये विद्युत् चुंबकाने उचलली जाणारी प्रकाशित भुजा प्रचारात आणली. रेल्वेच्या सिग्नलच्या हातासारखी ही भुजा गाडीच्या बाजूतून आडवी बाहेर येई. ब्रिटनमध्ये ती ‘ट्रॅफिकेटर’ या नावाने रूढ झाली. तिच्या बिजागरीत धूळ व गंज साचला की ती अडके. कधी बाहेरच येत नसे, तर कधी वळण संपल्यावरही तशीच राही.

अमेरिकेत ब्यूइक गाड्यांच्या १९३९ च्या नमुन्यांत मागील बाजूस उघडझाप करणारे दिवे कारखान्यातच बसविण्यात आले. १९४० मध्ये ते पुढेही आले आणि वळणानंतर खटका आपोआप पूर्वस्थितीत येण्याची सोय झाली. १९५० नंतरच्या दशकात यूरोपातही भुजांची जागा दिव्यांनी घेतली.

रचना व कार्य : दिव्यांची उघडझाप फ्लॅशर घडवून आणतो. जुन्या औष्णिक फ्लॅशरमध्ये दिव्यांचा प्रवाह द्विधातुपट्टीतून जातो. पट्टी तापून वाकली की संस्पर्श तुटतो व थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. १२ व्होल्टच्या गाडीत एका बाजूच्या २१ वॉटच्या दोन दिव्यांतून सु. ३·५ अँपिअर प्रवाह वाहतो. एक दिवा जळाल्यास प्रवाह निम्मा होतो, पट्टी पुरेशी तापत नाही आणि उघडझाप मंदावते वा थांबते. इलेक्ट्रॉनीय फ्लॅशरमध्ये याउलट, दिवा गेल्यास गती मुद्दाम सु. दुप्पट होते. अत्यल्प प्रवाह घेणारे एलईडी दिवे जुन्या गाडीत बसविल्यास असाच परिणाम होतो. दिवा जळाल्याचा तो खोटा इशारा असतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये उघडझापेची गती मिनिटास ६० ते १२० असावी लागते.

दोष व दोषशोध : पूर्ण तुटलेले मंडल शोधणे सोपे असते. मधूनमधून उद्भवणारा दोष मात्र कंपन, उष्णता व ओलावा यांवर अवलंबून असल्याने गाडी कार्यशाळेत उभी केली की पुष्कळदा नाहीसा होतो. गाडीचा धातूचा सांगाडा हाच प्रवाहाचा परतीचा मार्ग असल्यामुळे दिव्याच्या बैठकीतील गंज हे याचे नेहमीचे कारण असते. हा मार्ग अडला की प्रवाह शेजारच्या तंतूतून वाट काढतो व वळणाची खूण केली असता मागचा तांबडा दिवाही लुकलुकतो. अशा वेळी दिवे बदलून उपयोग होत नाही.

रोधमापकही येथे फसवा ठरतो. एकाच धाग्यावर टिकलेली तार त्याच्या अत्यल्प प्रवाहास अखंड भासते. म्हणून दिवे चालू असताना सांध्याच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब मोजतात. अर्ध्या ओहमचा सदोष सांधा सु. दीड व्होल्ट दाब खातो व दिवा मंद होतो. मोजमाप चालू असताना तारा हलविल्यास दडलेला दोष उघड होतो.

बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन या संदेशवहन पद्धतीच्या प्रसारानंतर दिव्यांचे नियंत्रण संगणकीय घटकाकडे गेले. अनेक गाड्यांतील परिचित टकटक आता ध्वनिक्षेपकातून येते. हा घटक दोषाची नोंद स्मृतीत ठेवतो, त्यामुळे क्षणिक बिघाडाचाही मागमूस राहतो. तथापि, ही नोंद सदोष मंडल दाखविते. त्यातील गंजलेला सांधा मात्र पूर्वीप्रमाणेच मोजमाप करून शोधावा लागतो.